डॉ. रखमाबाई : संमती आणि वैद्यकधर्म

समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा वाकस, रंधा आणि करवत ह्यांविषयीच लिहावे असे प्रथम आमच्या मनात आले. गाडी, वखर, तिफण, पाळणा आणि देवघर ह्या वस्तू आमच्या सुतार समाजाच्या वाडवडिलांनी वऱ्हाडातील गावोगाव घडविल्या व त्यांवरच आपले नाव उभे राहिले. परंतु ह्या खेपेस एका निराळ्या हाताचे चरित्र सांगण्याचे आम्ही ठरविले. तो हात सुतार जातीच्या घरात जन्मास आला, पण त्याने लाकूड घडविले नाही. पाळण्यात निजणारे मूल आणि त्याची आई ह्या दोघांस सुखरूप ठेवण्यात त्याने पस्तीस वर्षे वेचली. तो हात डॉ. रखमाबाईंचा होय.

हा विषय घेण्यास एक निमित्तही आहे. १९०५ साली अकोल्यात विलीन झालेला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी पुन्हा अस्तित्वात आला आणि २०२४ च्या ऑक्टोबरात वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा येथील मुलामुलींस आता आपल्याच जिल्ह्यात वैद्यक शिकता येईल. त्यांत आपल्या समाजाचीही मुले असतील. त्यांनी शरीरशास्त्र शिकावेच. परंतु रोग्याच्या शरीरास हात लावण्यापूर्वी वैद्याने काय शिकावे, हे ज्यांस जाणून घ्यावयाचे असेल, त्यांनी रखमाबाईंचे आयुष्य एकदा समोर ठेवावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. आईचे लग्न लहानपणीच झाले होते. पंधराव्या वर्षी ती आई झाली आणि सतराव्या वर्षी विधवा झाली. आज अशा वयाची मुलगी अकरावीच्या वर्गात बसलेली असते, हे वाचकांनी क्षणभर ध्यानात घ्यावे. त्या काळी जातीजातींत विधवांचे केशवपन होत असे. आपल्या जातीत मात्र विधवेच्या पुनर्विवाहास मोकळीक होती. त्याप्रमाणे काही वर्षांनी जयंतीबाईंचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्याशी झाला. पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी तत्पूर्वी मुलीच्या नावे करून दिली होती. पुढे जो कलह माजला, त्याच्या मुळाशी ही मालमत्ताही होती, असे अनेकांचे मत आहे.

सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ग्रँट मेडिकल कॉलेजशी त्यांचा संबंध होता. मुंबईच्या औषधी द्रव्यांची सूची त्यांनी तयार केली होती. १८८३ साली ज्या आठ गृहस्थांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली, त्यांत दोनच हिंदी होते व त्यांपैकी एक हे होते. अशा पुरुषाच्या घरी रखमाबाई वाढल्या. तरीदेखील अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झालेच. वर दादाजी भिकाजी हा एकोणीस वर्षांचा, सखाराम अर्जुन ह्यांच्याच नात्यातला होता. सुधारकाचे घर झाले तरी रूढी दारातून आत येतच असे.

मात्र ह्या घरात एक गोष्ट इतर घरांहून निराळी घडली. मुलगी वयात येताच गर्भाधान उरकण्याची त्या काळी घाई असे. सखाराम अर्जुन ह्यांनी ते होऊ दिले नाही. कोवळ्या वयात गर्भ राहिल्यास आईच्या जिवास काय धोका असतो आणि मूल कसे निपजते, हे ते डॉक्टर ह्या नात्याने जाणत होते. रोग्याच्या घरी शास्त्र सांगावयाचे आणि स्वतःच्या घरी रूढीपुढे मान तुकवावयाची, हा मार्ग पुष्कळ विद्वानांनी पत्करिला. ह्यांनी पत्करिला नाही. जे ज्ञान वैद्य दुसऱ्यास देतो, ते त्याने प्रथम आपल्या उंबरठ्याच्या आत पाळावे, हा धडा रखमाबाईंस त्यांच्या घरातच मिळाला.

पुढील वर्षांत रखमाबाई माहेरीच राहिल्या. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या घरी वाचीत. इकडे दादाजींचे शिक्षण सुटले व ते मामाच्या आश्रयास राहू लागले. १८८४ साली त्यांनी पत्नीस नांदावयास पाठवावे म्हणून वकिलामार्फत पत्र दिले व पुढे मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंनी जाण्यास नकार दिला. न कळत्या वयात, आपली संमती कोणीही घेतली नसताना झालेला हा संबंध आपणांस मान्य नाही, ही त्यांची भूमिका होती. १८८५ च्या एप्रिलात सखाराम अर्जुन वारले. घराचा आधार गेला. परंतु रखमाबाईंचा निश्चय ढळला नाही.

१८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी दादाजींचा दावा फेटाळला. ज्या स्त्रीने पतीबरोबर कधी संसार केलाच नाही, तिला इच्छेविरुद्ध त्याच्या घरी धाडण्याची आज्ञा न्यायालयाने करावी, हे त्यांस क्रूरपणाचे वाटले. ह्या निकालावर केवढा गदारोळ उठला! लोकमान्य टिळकांच्या पत्रांनीही त्यावर टीका केली. हिंदू धर्मव्यवस्थेत परक्या सरकारने हात घालू नये, असा तो पक्ष होता. दुसऱ्या बाजूस बेहरामजी मलबारी आदी सुधारक उभे राहिले. ह्याच सुमारास टाइम्स ऑफ इंडिया पत्रात एक हिंदू स्त्री ह्या टोपणनावाने बालविवाहावर व सक्तीच्या वैधव्यावर जी पत्रे आली, ती रखमाबाईंचीच होती.

१८८६ साली अपिलात तो निकाल फिरला व दावा पुन्हा सुनावणीस आला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी निकाल दिला : रखमाबाईंनी पतीच्या घरी जावे, नाही तर सहा महिन्यांपर्यंत कारावास भोगावा. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या.

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. ह्या निकालाच्या अवघे सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यास क्षयाने निवर्तल्या. अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन आलेली ती तेजस्विनी एकाही रोग्याची नाडी आपल्या दवाखान्यात पाहू शकली नाही. एका आठवड्याच्या आत महाराष्ट्राने एक डॉक्टर स्त्री गमावली आणि जी पुढे डॉक्टर होणार होती, तिच्यापुढे तुरुंगाचे दार उघडले. सुदैवाने १८८८ साली तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची बजावणी सोडून दिली. ह्या खटल्याने जी चर्चा उठली, ती पुढे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास उपयोगी पडली. त्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. आज ते वाचून हसू येते, परंतु त्या दोन वर्षांसाठी सारा देश ढवळून निघाला होता.

आता ह्या तरुणीने काय करावे? मुंबईतील कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची ह्यांनी तिला वैद्यकाकडे वळविले. ह्या बाई स्वतः एडिंबरोच्या विद्यापीठात वैद्यकासाठी झगडलेल्या सात स्त्रियांपैकी एक होत्या; त्यामुळे बंद दाराचा अर्थ त्यांस कोणी समजावून देण्याची आवश्यकता नव्हती. त्या काळी आपल्याकडील हजारो स्त्रिया पुरुष डॉक्टरास दाखविण्यापेक्षा मरण पत्करीत. पडद्याआडून हात बाहेर काढावयाचा, वैद्याने नाडी पाहावयाची आणि बाकी सारे तर्काने जाणावयाचे, अशी तपासणी चाले. म्हणूनच स्त्री डॉक्टरांची नितांत गरज होती. मित्रांनी निधी उभारला. १८८९ साली रखमाबाई विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि १८९४ साली शिक्षण पुरे करून परतल्या. मुंबईच्या कामा रुग्णालयात थोडा काळ काम करून त्या सुरतेस स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून रुजू झाल्या.

येथून त्यांच्या चरित्राचा जो भाग सुरू होतो, तोच आमच्या मते मुख्य होय. खटल्यामुळे रखमाबाई सर्वांस ठाऊक आहेत. परंतु खटला चार वर्षे चालला आणि रुग्णसेवा पस्तीस वर्षे चालली.

सुरतेस इमारत होती, खाटा होत्या, औषधे होती. बाळंतिणी मात्र येत नसत. बाळंतपण म्हणजे घरातील अंधारी खोली, धुरी आणि सुईण, हीच पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. दवाखान्यात गेलेली बाई परत येत नाही, अशी समजूत होती. ह्या समजुतीस काही कारणही होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सूतिकाज्वराने युरोपातील मोठमोठ्या प्रसूतिगृहांतही स्त्रिया मरत. डॉक्टरांच्या न धुतलेल्या हातांनीच तो पसरतो, हे सेमेलवाइस ह्यांनी व्हिएन्ना येथे १८४७ साली दाखविले, तेव्हा त्यांच्या व्यवसायबंधूंनीच त्यांस मानले नाही. पुढे १८६७ साली लिस्टर ह्यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धती प्रसिद्ध केली व हळूहळू परिस्थिती पालटली. रखमाबाई शिकून आल्या त्या ह्या नव्या ज्ञानासह. पण नवे ज्ञान डॉक्टरच्या डोक्यात असून भागत नाही. रोग्याच्या मनात विश्वास नसेल, तर ते कुलूपबंद पेटीतील हत्यारासारखे निरुपयोगी होय.

अशी आठवण सांगितली जाते की, कोणीच येईना तेव्हा रखमाबाईंनी एका गाभण शेळीस रुग्णालयात आणविले व तेथे तिची प्रसूती सुखरूप करून दाखविली. मुके जनावर येथे सुखरूप सुटले, हे आजूबाजूच्या बायांनी पाहिले आणि मग एकेक करून त्या येऊ लागल्या. ही आठवण पुष्कळजण गंमत म्हणून सांगतात. आम्हांस तीत गंमत दिसत नाही. वैद्यकधर्माचे सार दिसते. रखमाबाईंनी ह्या बायांस अडाणी म्हणून हिणविले नाही. सरकारी शिपाई धाडून त्यांस धरून आणविले नाही. त्यांची भीती खरी मानली व त्यांच्या डोळ्यांना पटेल असा पुरावा त्यांच्यापुढे ठेविला. अकराव्या वर्षी ज्या मुलीस कोणी विचारले नाही, त्याच मुलीने मोठेपणी प्रत्येक स्त्रीच्या होकाराची वाट पाहिली. संमतीवाचून लाभलेला संसार जसा संसार नव्हे, तसा संमतीवाचून झालेला उपचार हा उपचार नव्हे, हे तिला कोणत्या पुस्तकातून शिकावे लागले नसेल.

ह्याचे मोल प्लेगच्या साथीत अधिकच कळून आले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आढळला व पाहता पाहता मुंबई इलाख्यात पसरला. सुरतही त्यातून सुटली नाही. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. घरझडत्या, सक्तीने अलग ठेवणे, सामान जाळणे ह्यांनी पुण्यात लोक संतापले व त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. रोग हटवावयाचा तर निर्बंध हवेत आणि निर्बंध जुलमाचे झाले की लोक रोगी लपवितात, अशा कात्रीत त्या वेळचे डॉक्टर सापडले होते. पुण्यानजीक सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करिता करिता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. सुरतेत रखमाबाई आपल्या जागेवरून हलल्या नाहीत. सरकारने पुढे त्यांस कैसर-ए-हिंद पदक दिले. करोनाच्या साथीत, २०२० साली, हेच सारे प्रश्न नव्याने आपल्या दारात उभे राहिले होते. तेव्हा अनेक डॉक्टर, परिचारिका व आशाताई आपापल्या जागेवर उभ्या होत्या, हे आपण पाहिलेच आहे.

१९०४ साली दादाजी वारले. रखमाबाईंनी त्यानंतर विधवेची पांढरी साडी धारण केली, असे सांगतात. ज्यास पती मानण्यास त्यांनी न्यायालयात नकार दिला, त्याच्यासाठी हे का, असा प्रश्न अनेकांस पडतो. कदाचित त्यांच्याकडे उपचारास येणाऱ्या साध्या बायाबापड्यांच्या मनात आपल्याविषयी दुरावा नसावा, असा त्यांचा विचार असेल. कदाचित त्यांच्या अंतःकरणाचे काही वेगळेच कारण असेल. आम्ही त्यावर निर्णय देत नाही. दुसऱ्याच्या खाजगी दुःखाचा पंचनामा करू नये, हाही वैद्यकधर्माचाच एक नियम आहे.

सुरतेत सुमारे बावीस वर्षे झाल्यावर त्यांस नव्याने निघालेल्या स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत येण्याचे बोलावणे आले. मानाची जागा होती. त्यांनी ती नाकारली व राजकोट संस्थानातील स्त्रियांच्या रुग्णालयाचे प्रमुखपद पत्करिले. तेथे सुमारे बारा वर्षे काम करून त्या निवृत्त झाल्या. मुंबईस आल्यावर त्यांनी पडदापद्धती नष्ट व्हावी म्हणून पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

आता हे चरित्र आजच्या दिवसास लावून पाहू. डॉक्टर व रोगी ह्यांच्यामधील विश्वास आज क्षीण झाला आहे, ही तक्रार दोन्ही बाजूंनी ऐकू येते. रोगी म्हणतो की नको त्या तपासण्या करवितात. डॉक्टर म्हणतो की रोगी दगावताच नातलग काचा फोडतात. कायदे झाले आहेत. अपघातग्रस्तास कायद्याच्या सोपस्कारांची वाट न पाहता वाचविणे हे प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली व केंद्राने १९९४ साली कायदा केला. तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही, हे २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. डॉक्टरांवरील व रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० साली महाराष्ट्राने कायदा केला. तरीही २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला व शासनास चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायांनी कागदावर अंगठे उठविले असतील, सह्याही केल्या असतील. पण ज्यास संमती म्हणतात, ती त्या कागदावर होती काय? रोगाचे खरे स्वरूप, दुसरा उपाय व शस्त्रक्रियेचा पुढील परिणाम रोग्यास त्याच्या भाषेत समजावून सांगितला नाही, तर सहीचा अर्थ उरत नाही.

आणि हा दोष केवळ डॉक्टरांचा म्हणून आपण मोकळे होऊ नये. आम्ही आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकविले. सातवीच्या वर्गात दिवाळीपर्यंत पहिल्या बाकावर बसणारी मुलगी उन्हाळ्यानंतर दिसत नसे. चौकशी केली की कळे, लग्न झाले. तिला विचारले होते काय, हा प्रश्न आम्ही तिच्या बापास विचारावयास हवा होता. आम्ही हजेरीपटावरील नावापुढे शेरा लिहीत असू आणि पुढील नाव पुकारीत असू. ही आमची चूक होती, हे आज ह्या पानावर लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. वाटते ते दुःख. ज्या घरात मुलीस कधी विचारले जात नाही, त्या घरातील स्त्री दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरास प्रश्न तरी कोणत्या तोंडाने विचारणार? आणि तीच मुलगी डॉक्टर झाली, तर दुसऱ्यास विचारण्याची सवय तिला कोठून लागणार?

आपल्या समाजाने रखमाबाईंची तसबीर सभागृहात लावावी, हे योग्यच. परंतु ज्या काळात त्यांस आधाराची गरज होती, त्या काळात अख्खा समाज त्यांच्या पाठीशी उभा राहिला होता, असे म्हणता येणार नाही. थोरांस हार घालणे सोपे आहे. त्यांच्यासारख्या मुलीस आज आपल्या घरात नाही म्हणण्याची मुभा देणे कठीण आहे. समाजमंडळाने होतकरू मुलामुलींस वैद्यकाच्या शिक्षणासाठी साह्य करावे आणि अठरा वर्षांखालील मुलीच्या लग्नाच्या मांडवात समाजाचा एकही पंच बसणार नाही, असा ठराव करावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

जुने कारागीर करवत लावण्याआधी लाकडावरून हात फिरवीत, त्याची रेषा कोणीकडे जाते ते पाहत, गुण्या लावीत, दोनदा मापीत आणि मग एकदाच कापीत. लाकडास बोलता येत नाही, तरी इतकी विचारपूस होत असे. माणसास तर बोलता येते. वाशिमच्या महाविद्यालयातून जी मुले डॉक्टर होऊन बाहेर पडतील, त्यांनी शस्त्र हाती घेण्यापूर्वी समोरच्या माणसास विचारावे, त्याचे ऐकून घ्यावे व त्याचा होकार मिळेपर्यंत थांबावे. एवढे झाले तरी रखमाबाईंचे ऋण काही अंशी फिटले, असे आम्ही समजू.